धुण्याआधी बघायचं

सकाळी ट्रक हलवण्याआधी चालक हवेच्या टाकीखालची कडी ओढतो. फस्सकन हवा सुटते, तिच्याबरोबर थोडं पाणी येतं. पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी. या पाण्याच्या जागी काळपट, बोटाला चिकटणारं तेल येऊ लागलं आणि डॅशबोर्डवरचा हवेचा काटा चढायला रोजच्यापेक्षा जास्त वेळ घेऊ लागला, की गॅरेजमधलं निदान ठरलेलं असतं. कॉम्प्रेसर ऑइल फेकतोय. उतरवा, मेजर किट टाका, बसवा.

हे निदान बहुतेक वेळा अर्धंच असतं. कॉम्प्रेसर झिजलेला असतो यात शंका नाही. पण तो का झिजला, हे विचारायच्या आधीच त्याचे सुटे भाग रॉकेलच्या ट्रेमध्ये पडलेले असतात. ब्रश फिरतो, काळं निघून जातं आणि त्याबरोबर आजाराचा सगळा पुरावाही वाहून जातो. नव्या रिंगा, नव्या पत्त्या घातलेला कॉम्प्रेसर पुन्हा त्याच गाडीवर, त्याच कारणाच्या शेजारी बसवला जातो. म्हणून या प्रकरणात कॉम्प्रेसर खोलणं, धुणं आणि तपासणं या तिन्ही गोष्टी आहेत, पण माझा जोर एकाच गोष्टीवर आहे. पहिली तपासणी धुण्याच्या आधी, घाणीसकट करायची.

आधी यंत्र समजून घेऊ. ट्रक-बसचा कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनच्या कुशीत बसवलेलं एक छोटं इंजिनच, फक्त उलट्या कामाचं. त्याला क्रँक आहे, कनेक्टिंग रॉड आहे, पिस्टन आणि रिंगा आहेत. वर हेड आहे आणि हेडखाली व्हॉल्व्हची प्लेट. स्पार्क नाही, डिझेल नाही. इंजिनच्या गिअरवरून तो फिरतो, इंजिनचंच ऑइल पितो, आणि बऱ्याच गाड्यांत इंजिनचंच पाणी त्याच्या हेडमधून खेळतं. पिस्टन खाली गेला की या प्लेटवरची, हवा आत घेणारी पत्ती उघडते, एअर फिल्टरमधून गाळलेली हवा आत येते. पिस्टन वर आला की ती पत्ती मिटते, दुसरी उघडते आणि दाबलेली हवा डिलिव्हरी पाइपमधून ड्रायरकडे आणि टाक्यांकडे जाते. टाकीत दर चौरस सेंटीमीटरला साधारण आठ किलो दाब झाला की अनलोडर त्याला सुट्टी देतो. इंजिन चालू आहे तोवर क्रँक फिरतच राहतो, पण हवा टाकीत ढकलायचं ओझं उतरतं. दाब खाली आला की पुन्हा काम सुरू.

हिशोब करून बघण्यासारखा आहे. सिलिंडर ३०० सीसीचा आणि फेरे मिनिटाला १५०० धरले, तर कागदावर मिनिटाला ४५० लिटर हवा ओढली जाते. प्रत्यक्षात समजा त्यातली ६० टक्के, म्हणजे २७० लिटर टाकीत पोचते. टाक्यांची एकूण क्षमता ६० लिटर धरली तर शून्यापासून आठ किलोपर्यंत जायला ४८० लिटर मोकळी हवा आत कोंबावी लागते. म्हणजे पावणेदोन मिनिटं. याच गाडीला साडेतीन-चार मिनिटं लागू लागली तर निम्मी हवा कुठेतरी हरवते आहे. ती पिस्टनच्या बाजूने खाली जात असेल, पत्तीतून मागे येत असेल, किंवा कॉम्प्रेसरचा काहीही दोष नसताना एखाद्या पाइपच्या जोडातून रस्त्यावर सुटत असेल.

ही हवा काय सांभाळते हे विसरून चालणार नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली आगगाडीसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा हवा आली की ब्रेक लागे. पाइप फुटला की ब्रेक गेला. १८७२ मध्ये त्यानेच ती रचना उलटी केली. पाइपमधला दाब कायम ठेवायचा आणि दाब गेला की ब्रेक आपोआप लागायचा. आजच्या ट्रकचा पायाखालचा ब्रेक हवेनेच लागतो, पण हँडब्रेक स्प्रिंगचा असतो आणि हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते. हवा एका मर्यादेखाली गेली की स्प्रिंग चाक पकडते. यामुळे हवा संपलेली गाडी उतारावर मोकाट सुटत नाही, हे खरं. पण कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या उतारावर चालक पुन्हा पुन्हा ब्रेक दाबतो, प्रत्येक दाबण्यात थोडी हवा खर्च होते, आणि ती भरून काढण्याची ताकद कॉम्प्रेसरमध्ये उरली नसेल तर भरलेल्या गाडीची चाकं भलत्या वळणावर आवळली जाऊ शकतात.

आता उष्णता, कारण कॉम्प्रेसरच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ तिथे आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड हाताला पोळतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. २० अंशाची हवा बाहेर उष्णता न देता एका झटक्यात नऊपट दाबावर नेली तर तिचं तापमान गणिताने पावणेतीनशे अंशांच्या घरात जातं. हेडमधलं पाणी आणि बाहेरच्या पंख्या ही उष्णता ओढून घेतात, तरीही डिलिव्हरीच्या तोंडाशी दीडशे अंशांच्या वर तापमान जाणं ही रोजची गोष्ट आहे. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर असावाच लागतो. त्यातला थोडा अंश हवेबरोबर वर जातो, तापलेल्या प्लेटवर आणि पाइपच्या आत शिजतो आणि कार्बन होऊन बसतो. कार्बनने पाइपचं तोंड अरुंद होतं. मग तीच हवा बाहेर ढकलायला जास्त दाब लागतो, जास्त दाबाने जास्त उष्णता, जास्त उष्णतेने जास्त कार्बन. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपणहून थांबत नाही.

उतरवण्याची तयारी मी थोडक्यात सांगतो, पण तिच्यात सवलत नाही. गाडी सपाटीवर, चाकांना दोन्हीकडून ओट. स्प्रिंग ब्रेक लागलेला आहे म्हणून ओट नको, असं म्हणू नये. मागे कोणी बोल्ट फिरवून स्प्रिंग बांधून ठेवली असेल तर ते बाहेरून पटकन कळत नाही. ती स्प्रिंगची डबी मात्र कधीही उघडायची नाही, तिच्यात माणूस मारण्याइतका जोर कोंडलेला असतो. इंजिन थंड होऊ द्यायचं, टाक्यांची कडी ओढून काटा शून्यावर आणायचा, पाणी काढायचं. भरलेल्या टाकीचा पाइप ढिला करून हवा सोडणं हा डोळा गमावण्याचा रस्ता आहे. गिअर बाहेर काढण्याआधी तो कोणत्या दातावर बसला आहे त्याची खूण करावी. काही इंजिनांत कॉम्प्रेसरच्या मागे पॉवर स्टिअरिंगचा किंवा डिझेलचा पंप जोडलेला असतो आणि तिथे मॅन्युअल उघडल्याशिवाय पाना लावू नये.

आणखी एक खूण, जी बरेचदा राहून जाते. कॉम्प्रेसरच्या अंगावर नंबराची पट्टी असते. तिच्यावरचा नंबर लिहून घ्या, मोबाइलने फोटो काढा. भारतात १९६२ साली मद्रासला ब्रिटनच्या क्लेटन डिवांद्र कंपनीच्या साथीने सुंदरम-क्लेटन उभी राहिली आणि ट्रक-बसच्या हवेच्या ब्रेकचं सामान इथे बनू लागलं. पुढे तो व्यवसाय वॅब्को आणि त्यानंतर झेडएफ या नावाखाली गेला. त्यामुळे एकाच घराण्याचे कॉम्प्रेसर वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या घेऊन कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलला किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरला येतात. बाहेरून सारखे दिसणारे दोन कॉम्प्रेसर आत वेगळ्या व्यासाचे असू शकतात. किट मागायचं ते नंबरावरून, गाडीच्या नावावरून नाही. धुण्याच्या टाकीत ती पट्टी खराब झाली की दुकानदार अंदाजाने काहीतरी हातात ठेवतो.

कॉम्प्रेसर टेबलावर आला. आता ब्रश बाजूला ठेवा.

पहिलं बघायचं ते हवा आत येते ते तोंड. बोट आत फिरवा. बोटाला बारीक माती लागली तर झीज कुठून आली हे अर्धं कळलं. फिल्टर आणि कॉम्प्रेसर यांच्यामधला रबरी पाइप कुठेतरी फाटला आहे किंवा त्याची क्लिप ढिली आहे. याउलट तोंड स्वच्छ आहे पण ऑइलने ओलं आहे, तर फिल्टर चोंदलेला असण्याची शक्यता मनात धरावी. हवा यायला वाट नसेल तर पिस्टन खाली जाताना सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते आणि ती रिंगांच्या बाजूने ऑइल वर खेचते. अशा कॉम्प्रेसरच्या रिंगा ठणठणीत निघू शकतात, तरी तो ऑइल फेकतो.

दुसरं, डिलिव्हरीचं तोंड आणि त्याला जोडलेला पाइप. पाइप हा कॉम्प्रेसरचाच भाग समजावा, तो गाडीवर लटकत ठेवून काम सुरू करू नये. आतला कार्बन कोरडा, कडक, खरवडल्यावर खपल्यांनी निघणारा असेल तर उष्णता फार झाली होती. कॉम्प्रेसर विश्रांतीविना चालत होता, कारण गाडीत कुठेतरी हवा गळत होती किंवा अनलोडर त्याला सुट्टीच देत नव्हता. कार्बन मऊ, ओला, डांबरासारखा असेल तर उष्णतेपेक्षा ऑइलचा पुरवठा जास्त झाला होता. हा फरक एकदा रॉकेलमध्ये बुडवला की कायमचा पुसला जातो.

तिसरी जागा आहे कॉम्प्रेसर इंजिनला जिथे चिकटतो तो पृष्ठभाग. इथे मी मुद्दाम थांबतो, कारण इथली चूक भल्याभल्यांच्या नजरेतून निसटते. कॉम्प्रेसरमध्ये ऑइल दाबाने येतं, पण परत मात्र ते आपल्या वजनाने इंजिनमध्ये उतरतं. त्या परतीच्या वाटेवर कोणी पॅकिंग उलटं बसवलं असेल, किंवा पॅकिंगला जोड म्हणून सिलिकॉनची पेस्ट सढळ हाताने लावली असेल आणि तिचा गोळा भोकात आला असेल, तर ऑइल खाली जाऊ शकत नाही. कॉम्प्रेसरचं पोट भरत जातं, क्रँक त्या ऑइलात घुसळत फिरतो, आणि रिंगांनी कितीही खरवडलं तरी ऑइल वर चढतं. म्हणून जुनं पॅकिंग खरवडण्याआधी ते कसं बसलं होतं, भोकाला भोक मिळत होतं का, आत काय अडकलं होतं, हे डोळ्यांनी बघून फोटो काढून ठेवायचं. जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते कोरडं खरवडू नये. ऑइलने ओलं करून पात्याने उचलावं, ग्राइंडरची चकती तर अजिबात लावू नये.

मग हेड. खोलण्याआधी हेड, व्हॉल्व्हची प्लेट, ब्लॉक आणि शेवटचं झाकण या सगळ्यांवरून एक सलग रेघ ओढावी म्हणजे जोडताना कोणतीही वस्तू फिरून बसत नाही. बोल्ट आडव्या-तिरप्या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. प्लेट चिकटली असेल तर पेचकस घालून उचकटू नका, तिथला प्रत्येक ओरखडा पुढे हवेची वाट होतो. रबरी किंवा लाकडी हातोड्याने बाजूने टकटक केलं की ती सुटते.

हेडच्या पॅकिंगवर पाण्याची वाट आणि हवेची वाट यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी असते. ती जळून काळी झाली आहे का, तिच्यावर गंजाचा किंवा पांढुरका माग आहे का, हे नीट पाहा. ती फुटली की आठ किलो दाबाची हवा इंजिनच्या पाण्यात शिरते. पाण्याचा दाब असतो एक किलोच्या आसपास, त्यामुळे हवा जिंकते. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी बाहेर फेकलं जातं, इंजिन तापतं. ही सगळी लक्षणं इंजिनचं हेड गॅस्केट गेल्याची म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि त्या समजुतीने इंजिनचं हेड उतरवून हजारो रुपये घालवल्यावरही बुडबुडे तसेच राहतात. तपासायची रीत सोपी आहे. कॉम्प्रेसरचं पाणी इंजिनपासून तोडून, त्याच्या दोन्ही नळ्या बादलीतल्या पाण्यात सोडायच्या आणि काही क्षण इंजिन चालवायचं. बुडबुडे बादलीत आले तर इंजिन निर्दोष आहे.

पिस्टन काढण्याआधी कनेक्टिंग रॉड आणि तिची टोपी यांवर जुळणारे आकडे आहेत का ते बघा, नसतील तर पंचने ठिपके मारा. ही जोडी एकत्र कातलेली असते; टोपी उलटी किंवा दुसरी बसली तर बेअरिंगचं भोक गोल राहत नाही. गजन पिनचे सर्क्लिप डोळ्यांवर चष्मा लावूनच काढावेत. क्रँकवरचा गिअर बहुधा निमुळत्या टोकावर चावीने बसवलेला असतो. त्याला पुलर लावायचा. क्रँकच्या टोकावर हातोडा मारणारा माणूस आटे आणि बेअरिंग दोन्ही एकाच घावात घालवतो.

सुटा झालेला पिस्टन न पुसता उजेडात धरा. त्याच्या एका बाजूला वर आणि विरुद्ध बाजूला खाली चकाकी दिसली तर रॉड वाकलेली आहे, आणि नवा पिस्टन घातला तरी तो तसाच तिरका घासणार. माथ्यावर ठोक्याचे खड्डे असतील तर एखादी पत्ती तुटून आत नाचली आहे. अशा वेळी तुटलेला तुकडा सापडेपर्यंत शोध थांबवू नये, कारण तो पाइपमध्ये असला तर पुढे ड्रायरमध्ये जाईल. बेअरिंगच्या वाट्यांवरचा राखाडी थर जाऊन तांबं दिसू लागलं असेल तर त्या संपल्या. तांब्यात काळे कण रुतलेले दिसले तर ऑइल घाण होतं, आणि क्रँकचा घासणारा भाग निळसर झाला असेल तर ऑइल पोचलंच नव्हतं. निळा रंग दिसला की इंजिनकडून येणारी ऑइलची नळी काढून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एवढं बघून, फोटो आणि नोंदी झाल्या की मग धुणं. त्यालाही शिस्त आहे. पेट्रोल वापरू नये. त्याची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेटते. रॉकेल किंवा डिझेल चालतं, तेही वेल्डिंग आणि विडीपासून लांब, मोकळ्या हवेत. कॉस्टिक सोड्याची गरम टाकी बिडाच्या ब्लॉकला चालते, पण अॅल्युमिनियमचा पिस्टन किंवा हेड तीत टाकलं तर सोडा धातूच खातो आणि वर हायड्रोजन वायू सोडतो. बऱ्याच टाक्यांत सगळे भाग एकदमच टाकले जातात, आणि मग पिस्टनच्या खाचांच्या कडा विरघळून रिंगा ढिल्या होतात. दोष मात्र किटवर जातो. रिंगांच्या खाचांतला कार्बन जुनी रिंग मोडून तिच्या टोकाने काढावा, तोही हलक्या हाताने, धातू न खरवडता. ऑइलच्या बारीक वाटांमधून मऊ तार फिरवावी, मग हवा मारावी. हवा मारताना समोर हात किंवा चेहरा नको.

एक पद्धत ठामपणे बंद व्हायला हवी. कॉम्प्रेसर न उघडता, चालू अवस्थेत त्याच्या तोंडात रॉकेल सोडून आतला कार्बन "धुऊन" काढणं. दाबलेली गरम हवा, रॉकेलची वाफ आणि तापलेला कार्बन हे तिन्ही एका बंद पाइपमध्ये एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो.

हेड आणि ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा शेवटी बघायच्या असतात आणि म्हणूनच राहून जातात. आपल्याकडे पठारावरचं बोअरचं पाणी जड. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी ते वर्षानुवर्षं ओतलं गेलं असेल तर हेडच्या आत क्षारांचा पांढरा थर बसतो. तो उष्णता अडवतो. पाणी खेळतंय, पण हेड थंड होत नाही, अशी स्थिती. वर सांगितलेलं कार्बनचं चक्र अनेकदा इथूनच सुरू होतं.

धुतल्यावर दुसरी तपासणी, आता मोजमापांची. ब्लॉक आणि हेडला तडा आहे का हे पाहायची एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे. भाग रॉकेलमध्ये भिजत ठेवायचा, बाहेर काढून अगदी कोरडा पुसायचा आणि त्यावर खडूचा पातळ लेप द्यायचा. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. पाण्याच्या वाटांसाठी सगळी तोंडं रबर आणि पट्ट्यांनी बंद करून, दोन-तीन किलो हवा देऊन ब्लॉक गरम पाण्यात बुडवावा. थंड पाण्यात न गळणारा तडा गरम पाण्यात उघडतो.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या रिंगेची धाव जिथे संपते तिथे तो सर्वात जास्त झिजतो, कारण तिथे दाब आणि उष्णता जास्त आणि ऑइल कमी. शिवाय क्रँकच्या आडव्या दिशेला पिस्टन भिंतीवर रेटला जातो, म्हणून तो अंडाकृतीही होतो. वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांना बोअर गेज लावून सहा आकडे लिहावेत.

बोअर गेज नसेल तर एक नवी रिंग आणि फीलर गेजही बरंच सांगतात. रिंग सिलिंडरमध्ये ठेवून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलायची, म्हणजे ती तिरकी राहत नाही. जिथे रिंगा कधी पोचत नाहीत अशा तळाच्या न झिजलेल्या भागात तिच्या टोकांमधलं अंतर मोजायचं, मग सर्वात झिजलेल्या भागात. समजा तळाला ०.३० मिलिमीटर आलं आणि वर ०.६१. परीघ हा व्यासाच्या ३.१४ पट, म्हणून फरकाला ३.१४ ने भागलं की व्यास किती वाढला ते मिळतं: ०.३१ भागिले ३.१४, म्हणजे ०.१ मिलिमीटर. अंडाकृतीपणा या रीतीने कळत नाही, पण सिलिंडर पुन्हा वापरायचा की बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचा, याचा पहिला कौल मिळतो. तळाच्या अंतराचा ढोबळ नियम असा की दर १०० मिलिमीटर व्यासाला ०.३ ते ०.४ मिलिमीटर. मॅन्युअलमधला आकडा हाती असेल तर तोच खरा. झिजलेल्या सिलिंडरला नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं; वरच्या काठाशी तयार झालेल्या पायरीवर नवी, धारदार रिंग आपटते आणि लवकर तुटते.

आता व्हॉल्व्ह. पत्त्या जुन्या घालायच्या नाहीत, यावर मी तडजोड करत नाही. मिनिटाला दीड हजार वेळा वाकणाऱ्या पोलादाचा थकवा डोळ्यांना दिसत नाही. उलटी करून वापरलेली पत्ती तर आणखी वाईट, तिने जुन्या बैठकीप्रमाणे घेतलेला बाक आता उलट्या बाजूला येतो. पत्ती ज्यावर बसते ती बैठक मात्र बहुधा वाचवता येते. सपाट काचेवर बारीक लॅपिंग पेस्ट लावून प्लेट इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायची, सगळीकडे सारखी राखाडी छटा येईपर्यंत. हेडच्या सपाटीसाठी पोलादी सरळ पट्टी उभी ठेवून खालून ०.०५ मिलिमीटरचं फीलर घालून बघायचं. ते आत गेलं तर पृष्ठभाग वाकला आहे.

इथे पॅकिंगच्या जाडीबद्दल सांगायला हवं. पिस्टन अगदी वर आला तरी त्याच्यावर थोडी जागा उरते. तिच्यात अडकलेली दाबलेली हवा बाहेर जात नाही. पिस्टन खाली जाऊ लागला की ती आधी फुगते आणि तेवढा वेळ नवी हवा आत येऊ शकत नाही. ही जागा सिलिंडरच्या ३ टक्के असली तर आठ किलो दाबाला सुमारे आठवा हिस्सा क्षमता अशीच जाते. ती दुप्पट झाली तर पाव. गळती थांबावी म्हणून दोन पॅकिंग एकावर एक घालणारा मिस्त्री म्हणूनच गळती थांबवतो आणि हवा मात्र कमी करून ठेवतो. फार पातळ पॅकिंगही नको, पिस्टन प्लेटला धडकेल.

शेवटी क्रँक. मायक्रोमीटरने दोन दिशांना मोजायचा, बेअरिंगमध्ये बसवून मागे-पुढे किती हलतो ते बघायचं, ऑइल सील जिथे घासतं तिथे नखाला अडकणारी खाच आहे का ते तपासायचं. खाच असेल तर नवं सीलही गळेल. क्रँक, पिस्टन, रॉड यांना पर्याय मिळतात. पाण्याच्या वाटेपर्यंत तडा गेलेला बिडाचा ब्लॉक मात्र वेल्डिंग करून ब्रेकच्या कामाला लावू नये. अशा वेळी मालकाला सरळ नवा कॉम्प्रेसर घ्यायला सांगावं, मग तो कितीही नाराज झाला तरी.

जोडणी पुढच्या प्रकरणात आहे. तिला हात घालण्याआधी सुट्या भागांना ऑइल लावून झाकून ठेवा आणि धुण्याआधी केलेल्या नोंदी घेऊन गाडीकडे जा. माती सापडली होती तर फिल्टरपासूनचा पाइप, कोरडा कार्बन होता तर हवेची गळती आणि अनलोडर, क्षार होते तर रेडिएटर. डिलिव्हरी पाइप आतून पूर्ण मोकळा होत नसेल तर बदला. ड्रायरमध्ये ऑइल गेलं असेल तर त्याचं काडतूस टाकून द्या, कारण ऑइलने माखलेले दाणे पाणी शोषत नाहीत. टाक्यांची कडी ओढून आतलं उरलेलं ऑइल पूर्ण काढा, नाहीतर दुरुस्त केलेला कॉम्प्रेसर बसवल्यानंतरही काही दिवस टाकीतून काळं येत राहील आणि तो ते फेकतोय असं वाटून चांगलं झालेलं काम पुन्हा उघडलं जाईल.